चार मिनिटं एकोणीस सेकंद

१

“आणि पाटी आपटून काही व्हायचं नाही,” थोरली म्हणाली. “फुटली तर नवी आणायला तीन जिने मलाच उतरायचेत.”

धाकटीनं पाटी आणखी एकदा आपटली. मग खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि पाटी थोरलीच्या नाकासमोर धरली. *माझा आवाज आहे.*

तुझा आहे, नाही कोण म्हणतंय, थोरली म्हणाली. पण तो टेपवर घेतला कुणी, टेप कुजायला लागल्यावर कॉम्प्युटरवर चढवला कुणी, इतकी वर्षं जपला कुणी? तेव्हा तो कधी ऐकायचा आणि कुठवर ऐकायचा, हे सांगायचा हक्क मलाही आहे थोडा.

सीडी थोरलीच्या हातात होती. मधल्या भोकात तिनं तर्जनी घातली होती, अंगठी घालावी तशी. दोघींच्या मध्ये म्युझिक सिस्टिमचा ट्रे बाहेर आलेला, वेडावून दाखवावी तशी जीभ काढून. दुपारचे चार वाजले होते. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि काचेच्या टेबलावर धूळ किती साचली आहे ते दाखवत होतं.

खालच्या मजल्यावरच्या बाईंना कित्येक महिने वाटायचं, वरच्या म्हाताऱ्या फोनवर कुणाशी तरी तंडत असतात. या दोघी बहिणींचं भांडण असंच ऐकू जायचं, एका बाजूचं. दुसरी बाजू पाटीवर असायची.

थोरलीनं तोडगा काढून पाहिला. मी लावते, तू ऐक, गाणं संपलं की मी बंद करते. धाकटीनं मान हलवली आणि लिहिलं, *माझ्या आवाजावर तुझं बोट कशाला?* ते पुसून लगेच दुसरं, *गाणं चार मिनिटांचं. वर सहा सतरा दिसलं. पुढे काय आहे?*

थोरली गप्प राहिली. तोंडाला तोंड देण्यात जिचा हात कुणी धरला नव्हता ती गप्प राहिली, हे पाहून धाकटीचा चेहरा बदलला. तिनं हळूहळू, नीट अक्षरात लिहिलं, *तुला माझं गाणं कधी आवडलंच नाही.*

हे भांडण इथवर आलं कसं, ते आधी सांगायला हवं.

२

थोरली सातवीपर्यंत शिकली आणि छापखान्यात पानं घड्या घालायला लागली. घड्या घालता घालता वाचायला लागली, वाचता वाचता चुका काढायला लागली. तिनं इतक्या चुका काढल्या, की मालकानं शेवटी तिला प्रुफांच्या टेबलावर बसवलं. तिथं ती अडतीस वर्षं बसली. मोठमोठ्या पदव्यांची माणसं तिच्या लाल शाईला भिऊन असत. चूक दिसली की ती सांगायची, समोर कोण आहे ते बघायची नाही. लोक म्हणायचे, बाई फटकळ आहे. ती म्हणायची, असेन, पण मी खोटं बोलल्याचं एक उदाहरण दाखवा. कुणाला दाखवता आलं नाही.

निवृत्त झाल्यावर तिनं कॉम्प्युटर घेतला. शिकवायला आलेल्या माणसाला दोन दिवसांत घरी पाठवलं, कारण तो दर वाक्याला “तुम्हाला नाही कळणार” म्हणायचा. मग स्वतःच चष्मा कपाळावर चढवून, वहीत टिपून टिपून शिकली. घरात कॅसेटी होत्या दोन पेट्या भरून. त्या तिनं एक एक वाजवून कॉम्प्युटरवर उतरवल्या. अकरा वर्षं हे काम चाललं. एकोणीसशेवर गाणी झाली. प्रत्येकाचं नाव बरोबर, काना-मात्रा जागच्या जागी.

त्यांतलं एकच गाणं बाहेर कुठं मिळण्यासारखं नव्हतं. ते धाकटीनं गायलेलं. एकतीस वर्षांपूर्वी, जुन्या घरात, एका सुट्टीच्या सकाळी थोरलीनं टेपरेकॉर्डरचं लाल बटण दाबलं आणि धाकटी लाजत, आधी घसा खाकरून गायली होती. चार मिनिटं बारा सेकंद. मूळ कॅसेट नंतर बुरशीनं गेली.

नऊ वर्षांपूर्वी धाकटीच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून ती पाटीवर लिहिते, आणि जवळ पाटी नसली तर बोटाच्या पेरानं ठोकते. एकदा ठोकलं म्हणजे हो. दोनदा म्हणजे नाही. तीनदा म्हणजे इकडं ये. घर या ठोक्यांवर चालतं. रोज सकाळी आणि दुपारी थोरली स्वयंपाकघरातून हाक मारते, “चहा झालाय.” आतल्या खोलीतून पलंगाच्या लाकडावर एक ठोका येतो. मग ती दोन कप घेऊन निघते. गुडघा बदलल्यापासून तिचा डावा पाय थोडा मागं राहतो, त्या पायातली चप्पल फरशीवर घासते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी एक फरशी सुटी आहे. नळवाल्यानं दोन वर्षांपूर्वी पाइप बदलताना ती उचकटली, ती काही नीट बसली नाही. तिच्यावर पाय पडला की खट्ट वाजतं. चप्पल घासते, खट्ट, चप्पल घासते, आणि मग काचेच्या टेबलावर दोन कप. किण. किण.

३

कॉम्प्युटर टिकटिकायला लागला तो या उन्हाळ्यात. घड्याळासारखं नाही. तीन टिक, मग थांबणं, मग दोन टिक. थोरलीनं तो पिशवीत घालून रिपेअरवाल्याकडे नेला. त्यानं कान लावला, डॉक्टरनं छातीला लावावा तसा.

“काकू, हार्ड डिस्कचे दिवस भरलेत. घरी न्या, हवं ते उतरवून घ्या. नंतर माझ्याकडे रडत येऊ नका.”

मी रडत नाही, रडवते, असं थोरली म्हणाली आणि घरी आली.

भाचीनं फोनवर सांगितलं, मावशी, सगळं इंटरनेटवर ठेव, आकाश कोसळलं तरी जाणार नाही. थोरलीचं म्हणणं, जी वस्तू कुठं आहे ते मला दाखवता येत नाही, ती मी ठेवली असं कसं म्हणू? शिवाय धाकटीला कॉम्प्युटर लागत नव्हता. तिला म्युझिक सिस्टिम यायची. ट्रे उघडा, सीडी ठेवा, बटण दाबा. तिनं आपल्या हातानं लावून ऐकावं, म्हणून सीडी.

कपाटात पंधरा सीड्यांचं खोकं होतं, पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या. खोक्यावर छापलं होतं, हजार वेळा पुसा, हजार वेळा लिहा. प्रुफं तपासणाऱ्या बाईला याहून गोड वचन कुठलं? चूक झाली तर पुसता येईल. साध्या सीडीवर एकदा चुकलं की गेली कचऱ्यात. थोरलीला हजार संधी बऱ्या वाटल्या. तिच्या मते ही तिची मोठी हुशारी होती, आणि तिचं जे काही चुकलं ते नेमकं इथं चुकलं.

दुसऱ्या ते चौदाव्या क्रमांकाच्या सीड्या निमूट लिहून झाल्या. पहिलीनं मात्र नाकी नऊ आणले. तिच्यात शेवटचं गाणं धाकटीचं होतं. शहाण्णव टक्क्यांवर यायची आणि एरर दाखवून ट्रे बाहेर फेकायची. थोरलीनं सीडी मऊ कपड्यानं आतून बाहेर पुसली, गोल गोल नाही, कारण तसं वहीत टिपलेलं होतं. लेन्स साफ केली. केबल काढून पुन्हा बसवली. लिहिण्याचा वेग कमी केला, मग आणखी कमी केला. आधी ती वेळ वाचवायला झटपट पुसत होती. त्यात म्हणे फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर खाली तसाच राहतो. छापखान्यात असं कुणी केलं असतं तर तिनं त्याला फैलावर घेतलं असतं. मग तिनं पूर्ण पुसायला लावलं, बावीस मिनिटं समोर बसून राहिली, आणि सर्वांत कमी वेगानं लिहिलं.

शंभर टक्के. तपासणी बरोबर. एरर नाही.

४

ती ऐकायला बसली दुपारी अडीचला. धाकटी आत आडवी झाली होती. थोरलीनं हेडफोन लावले आणि शेवटच्या गाण्यावर गेली. सिस्टिमच्या छोट्या हिरव्या पट्टीवर लांबी दिसली. ४:१९.

कॉम्प्युटरवर ४:१२ होतं. वहीतही ४:१२ होतं.

दुसऱ्या कुणाला सात सेकंद दिसले नसते. थोरलीला अनुस्वार दिसायचे.

गाणं नीट होतं. घसा खाकरणं, मग तो जरा पातळ, वर जाताना अंग चोरणारा आवाज. शेवटचा स्वर, मग टेपरेकॉर्डरचं बटण सुटल्याचा खटका. ते झालं चार बाराला. त्यापुढं शांतता होती, पण टेपची नव्हे. टेपची शांतता खरखरते. ही खोलीची होती. खोलीला एक आवाज असतो, दूर कुठं पंखा, भिंतीपलीकडे पाणी. त्या शांततेत कुणीतरी काचेवर कप ठेवला.

किण.

आणि संपलं.

थोरली घाबरली नाही. ती घाबरायच्या आधी कारणं शोधायची. पहिलं कारण, जुन्या टेपवरच काहीतरी राहिलं असेल. पण कॉम्प्युटरवर ते नव्हतं, तिनं तिथंही लावून पाहिलं, चार बाराला तुटतं. दुसरं कारण, लिहिताना मागचा पुढचा तुकडा मिसळला असेल. पण दुसऱ्या कुठल्या गाण्यात कप ठेवलाय? तिसरं कारण, माइक चालू राहिला असेल. तिनं कॉम्प्युटरच्या मागं हात घालून चाचपलं. माइक नव्हताच. तिच्याकडे माइक कधी नव्हता.

मग तिला आठवलं, जुन्या घरात काचेचं टेबल नव्हतं. तिथं लाकडी होतं. हे काचेचं इथं आल्यावर घेतलेलं.

सात सेकंदांसाठी एवढं काय डोकं खाजवायचं, असं तिनं स्वतःला सांगितलं. चूक आहे, पुसू, पुन्हा लिहू. आणि तिनं सीडी पूर्ण पुसली.

५

दुसऱ्यांदा लिहिली तेव्हा पट्टीवर आलं ४:५८.

थोरली पाणी प्यायली, तिनं दाराला कडी आहे का पाहिलं, आणि मग हेडफोन लावले.

गाणं. खटका. खोलीची शांतता. खुर्ची मागं सरकली. पावलं निघाली. सावकाश, चार, पाच. एका पावलाला चप्पल घासत होती. मग खट्ट. ती सुटी फरशी. मग पुन्हा घासणं, जवळ येत, जवळ येत, आणि काचेवर कप. किण.

स्वतःचा आवाज टेपवर ऐकला की माणसाला परका वाटतो. स्वतःच्या चालीचं तसं नसतं. थोरलीनं ती चाल पहिल्या दोन पावलांत ओळखली. गुडघा गेल्या वर्षी बदलला. फरशी दोन वर्षांपूर्वी सुटली. गाणं एकतीस वर्षांपूर्वीचं. ती चूक शोधत राहिली, कारण चूक असती तर बरं झालं असतं. तिनं उठून, हेडफोन गळ्यात तसेच ठेवून, स्वयंपाकघरापर्यंत चालून पाहिलं. घास. घास. खट्ट.

बरोबर होतं. एक अक्षर इकडचं तिकडं नव्हतं.

तेवढ्यात आतून तीन ठोके आले. थोरली दचकली, आणि दचकल्याचा तिला राग आला. धाकटीला पाणी हवं होतं. ते देताना थोरलीनं तिच्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं असावं, कारण धाकटीनं भुवया उंचावल्या. पाणी पी, थोरली म्हणाली, आणि मागं फिरली.

परत येऊन तिनं ती सीडीही पूर्ण पुसली. बावीस मिनिटं टक्के वर चढताना बघत बसली. त्या वेळात तिच्या मनात एक गोष्ट आली, आणि आली ती जाईना. पहिल्या खेपेला नुसता कप ठेवलेला होता. दुसऱ्या खेपेला कप आणणारं माणूस आलं. गाणं तेच राहत होतं. वाढत होतं ते पुढचं.

आणि कप एकच होता. दोन्ही खेपांना एकच.

६

गाणं सीडीवर गेलं की लांबतं, हे ऐकून रिपेअरवाला हसला, पण वाईट हसला नाही. त्यानं कॉम्प्युटर उघडला, टिकटिकणारी हार्ड डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली. थोरलीनं पंधरावी सीडी आणली होती, खोक्यातली शेवटची, कोरी, अंगावरचा कागदही न फाडलेली. सीडीचा दोष नको, माझ्या मशीनचा नको, माझ्या हाताचाही नको, ती म्हणाली. तुमचं मशीन, तुमचा हात. फक्त हे एक गाणं लिहा, आणि चार बाराच्या पुढं काही असेल तर लिहायच्या आधी छाटा.

त्यानं पडद्यावर तिला गाण्याची नागमोडी रेघ दाखवली. चार बाराला ती सपाट होऊन संपत होती. पुढं काही नव्हतं. छाटायला काय, कात्री धरायलाही जागा नव्हती. त्यानं सीडी लिहिली. लिहून झाली, ट्रे बाहेर आला, आणि हार्ड डिस्क एकदाच, मोठ्यानं, टिक झाली आणि थांबली. नंतर त्यानं काय काय केलं तरी ती पुन्हा बोलली नाही.

“वेळेवर आलात काकू,” तो म्हणाला. “पाच मिनिटं उशीर झाला असता तर गेलं होतं.”

दुकानातल्या जुन्या प्लेअरवर त्यानं सीडी लावली. ६:१७. त्यानं पट्टीवर बोट आपटून पाहिलं. एक इअरफोन त्यानं घेतला, एक थोरलीला दिला.

गाणं सरलं. खटका. खोली. नळ सुरू झाला, बंद झाला. पातेलं खाली ठेवलं गेलं. मग थोरलीचा आवाज आला, स्वयंपाकघरातून यावा तसा, जरा लांबून.

*चहा झालाय.*

आणि मग काही नाही. थोरली दुकानात उभी राहून ठोक्याची वाट बघत होती. सेकंद पुढं जात होते. आत खोलीत पंखा चालू असावा. कुणी ठोकलं नाही.

*चहा झालाय*, असं ती तिथं पुन्हा म्हणायला लागली, पण “चहा”वरच थांबली. सवयीनं काहीतरी बोलून गेल्यावर आपण थांबतो, तशी. बराच वेळ ती तिथं उभी असावी. मग चप्पल घासली. खट्ट. घासली. कप ठेवला. किण. खुर्ची ओढली. मग चहा पिण्याचाही आवाज नाही. नुसती खोली, सहा सतरापर्यंत.

रिपेअरवाल्यानं इअरफोन काढला. “तुमचाच आवाज की काकू. कधीतरी रेकॉर्डिंग चालू राहिलं असेल.” माणूस चांगला होता, त्याला एवढंच सुचलं. मग म्हणाला, डिस्क तर गेली, आता ही एकच उरली. थांबा, माझ्या मशीनवर एक कॉपी करून ठेवतो.

“नाही,” थोरली म्हणाली.

तिचा आवाज फार चढला नव्हता, पण त्यानं कीबोर्डवरचा हात काढून घेतला. आणखी एक कॉपी म्हणजे आणखी पुढचं. पुढचं काय असेल, हे तिला ऐकायचं नव्हतं. त्याच्याहून तिला भीती होती ती मागचं काय असेल याची. त्या सकाळच्या आधीची सकाळ, त्याच्या आधीची रात्र.

७

त्यानंतर आठ दिवस थोरली ठोके मोजत होती. हाक मारायची आणि सुट्या फरशीच्या अलीकडे दोन कप घेऊन उभी राहायची. ठोका आला की पाय उचलायची. कधी लगेच यायचा. कधी धाकटी कूस बदलत असायची, पाटी शोधत असायची, आणि उशीर व्हायचा. एकदा इतका झाला की चहा बशीत सांडला. धाकटीनं नंतर लिहिलं, *हात थरथरतो का? डॉक्टरकडे जा.* थोरली म्हणाली, मला काही धाड भरली नाही, तूच जाऊन ये एकदा, सगळं तपासून घे. धाकटीनं दोनदा ठोकलं. तिला डॉक्टरांचा कंटाळा आला होता, आणि तिला कुठं काही दुखतही नव्हतं.

सीडी पुसायला कॉम्प्युटर उरला नव्हता. फेकायला थोरलीचा हात होईना. जगात धाकटीचा आवाज होता तो त्या एका चकतीवर, कॅसेट आणि डिस्क गेल्यावर जिथं तो उरला असता, त्या पहिल्या सीडीवरून थोरलीनंच दोनदा, पूर्ण, काळजीपूर्वक पुसून टाकला होता. हजार वेळा पुसा म्हणे. तिनं ती सीडी शब्दकोशात ठेवली, कारण घरात शब्दकोश तिच्याशिवाय कुणी उघडत नसे.

पण धाकटीला त्या दिवशी एका शब्दाचं स्पेलिंग नव्हे, दाबून ठेवलेलं एक जुनं पत्र शोधायचं होतं. शब्दकोशातून सीडी पडली. तिच्यावर थोरलीच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, “तिचं गाणं.” धाकटीनं ती आनंदानं, घाईघाईनं सिस्टिममध्ये घातली. हिरव्या पट्टीवर आकडा आला आणि तिचा स्वतःचा घसा खाकरल्याचा आवाज खोलीत आला, नऊ वर्षांनी. तेवढ्यात थोरली दारातून आली, आणि गुडघ्याची पर्वा न करता धावली, आणि बटण दाबून तिनं सीडी काढून घेतली.

तिथून भांडणाला सुरुवात झाली.

८

*तुला माझं गाणं कधी आवडलंच नाही*, असं पाटीवर होतं, आणि थोरली पाटीकडे बघत होती.

तिला खरं बोलायची सवय होती, आणि खरं दोन प्रकारचं होतं. एक सोपं. ते तिनं सांगून टाकलं, एकतीस वर्षं उशिरा. तू गायचीस तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवायचे, कारण मला रडू यायचं आणि ते कुणाला दाखवायचं नव्हतं. आवडायचं. इतकं आवडायचं की बोलता आलं नाही. झालं समाधान?

धाकटीनं ते ऐकलं, पण ती त्यानं हलली नाही. उलट तिचा हात पुढं आला. तळवा उघडा. पाटीवर तिनं वाकड्या अक्षरात लिहिलं, *मग ऐकू दे. शेवटपर्यंत. जे काय आहे ते.*

दुसरं खरं थोरलीच्या जिभेवर होतं. तिनं धाकटीच्या चेहऱ्याकडं पाहिलं. धाकटी आहे कशी, ते तिला माहीत होतं. एकदा ऐकलं की ती रोज सकाळी स्वतःच्या ठोक्याची वाट बघेल. थोरली आठ दिवस तशी जगत होती, आणि हे जगणं कुणाला देण्यासारखं नव्हतं.

ती पुढं झाली, तर्जनीतून सीडी काढली आणि धाकटीच्या तळव्यावर ठेवली. आणि एकच वाक्य म्हणाली.

त्या वाक्यावर भांडण संपलं. थोरली जन्मात खोटं बोलली नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि धाकटीइतकं कुणालाच नाही. मग धाकटी उठली. शिवणाच्या डब्यातून तिनं मोठी कात्री आणली, आणि थोरलीला काही कळायच्या आत आपला आवाज मधोमध कापला. मग पुन्हा आडवा. चांदीसारखा मुलामा सुटून काचेवर पडला, माशाच्या खवल्यांसारखा. चार तुकडे तिनं एकावर एक रचून ठेवले, पाटी ओढली, आणि लिहिलं, *आता नाही होणार ना तसं?*

थोरलीनं टेबलावर एकदा ठोकलं. तोंडानं हो म्हणवलं नाही.

आता सगळं पूर्वीसारखं आहे. तेरा सीड्या नीट वाजतात. सकाळी नळ सुरू होतो, बंद होतो, पातेलं उतरतं, आणि थोरली हाक मारते. मग दोन कप घेऊन सुट्या फरशीच्या अलीकडे उभी राहते. परवा ठोका यायला इतका वेळ लागला की चहावर साय धरली. पण आला. आत गेल्यावर धाकटीनं तिचा हात धरला आणि नाडी बघावी तशी धरूनच बसली. हल्ली ती रोज धरते. तिला वाटतं, काळजी घ्यायची आहे ती थोरलीची.

कारण त्या दिवशी सीडी तिच्या हातावर ठेवताना, डोळ्याला डोळा भिडवून, जराही न अडखळता, थोरली म्हणाली होती,

“ऐकायचंच असेल तर ऐक, पण आधी सांगून ठेवते, त्यात शेवटी, अजून न आलेल्या एका दिवशी, या घरात जी एकटी चालते, ती तू आहेस.”